कूगरच्या बोअरचं पाणी

२००४च्या ऑक्टोबरात सेंट हेलेन्सचा डोंगर पुन्हा धुमसायला लागला, तेव्हा वसुधाला भीतीपेक्षा कामाची घाई झाली. मूळची नागपूरची, पण पोर्टलंडमधल्या पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये तिची सहा वर्षं गेली होती. ज्वालामुखीच्या पोटात भेगा हलल्या की खडकातला किरणोत्सारी रेडॉन वायू भूजलात उतरतो, यात तिला नवल नव्हतं.

डोंगराच्या पायथ्याशी कूगर गावात निवृत्त इंजिनिअर मोरेश्वरकाका आणि शैलाकाकू राहत. त्यांच्या बोअरचं पाणी सोमवारी तिने स्वतः बाटलीत भरून आणलं. रेडॉनचा आकडा बराच चढा निघाला.

"घर सोडावं लागेल का गं?" काकूंनी फोनवर विचारलं.

"छे हो! पाणी बाहेरून आणा, खिडक्या उघड्या ठेवा. बाकी मी बघते."

सीलबंद बाटलीतला रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो. कुठल्याही डोंगराचा असो. शुक्रवारी तिने तीच बाटली किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरवर पुन्हा मोजली.

आकडा तोच होता.

"काउंटर गंडलाय, यार," शेजारच्या टेबलावरून श्रीराम म्हणाला.

तिने श्रीरामकडून काउंटर तपासून घेतला, बिनचूक होता. पाण्यात रेडियम असेल तर नवा रेडॉन बनत राहतो, म्हणून तेही शोधलं. रेडियम नव्हतं. पुढच्या सोमवारी आकडा दीडपट झाला. सील शाबूत होतं.

ती तडक कूगरला गेली. गाडीच्या काचेवर राखेचा बारीक थर बसला. काका बोअरपाशीच उभे होते.

"पाणी एकदम गार झालंय," ते म्हणाले. "तू बाटली नेलीस त्या दिवसापासून."

काकूंनी तिचा हात हातात घेतला आणि चटकन सोडला. "ताप आहे का गं तुला?"

"कारमध्ये हीटर लावला होता, काकू," ती हसली.

त्या रात्री ती घरी गेल्यावर श्रीरामने नवी बाटली मोजली, तर तिच्यात रेडॉन जवळजवळ नव्हताच. काकाकाकूंचं घर वाचलं होतं. आता राहिली ती जुनी बाटली. वसुधाने दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाटलीचं सील फोडलं, पाणी ओतून टाकलं, काउंटर धुऊन पुसून रिकामाच चालू केला.

आकडा उतरला नाही.

"थांब, काकांना कळवून येते," असं म्हणून ती फोन घेऊन बाहेर गेली. अकरा मिनिटं बोलली. काका आनंदात होते.

परत येऊन ती खुर्चीत बसली. मिनिटामिनिटाचे आकडे छापलेली पट्टी श्रीरामच्या हातात होती. मधली अकरा मिनिटं शून्य. मग पुन्हा चढ.

"आत्ता कुठून आला हा आकडा?" तिने विचारलं.

श्रीरामने आपली खुर्ची तिच्यापासून हळूच मागे सरकवली.