एकाच जिभेची दोन माणसं

रक्ततपासणीच्या बाईंनी हातात दिलेलं ग्लुकोजचं पाणी तिने घोट घोट चाखत संपवलं आणि सवयीने मत देऊन टाकलं, "लिंबू हवं होतं."

शेजारच्या खुर्चीवरचा माणूस नाक दाबून तसलाच ग्लास रिकामा करत होता. त्याला ठसका लागला. तो ओसरल्यावर त्याने विचारलं, की तुम्ही हे आवडीने पिता की काय?

आवडीने नव्हे, धंद्याने, असं तिने सांगितलं. ती मावशीच्या बेकरीत केक करायची. क्रीम, पाक, चॉकलेट, सगळं आधी तिच्या जिभेवरून जायचं. तिने नाक मुरडलं की तो केक काउंटरवर जात नसे. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दोघांचं वजन वाढत चाललेलं, मानेमागची कातडी काळवंडलेली, जेवण झालं की डोळ्यांवर झापड. दुसऱ्यांदा रक्त देईपर्यंत जागेवरून हलायचं नव्हतं. अशी बांधून बसवलेली दोन माणसं बोलणार नाहीत तर काय करतील?

"तुमच्या चष्म्याची उजवी काडी वर उचललीय," तो म्हणाला. "जरा... देता का?"

तिने चष्मा काढून दिला. समोरची भिंत, खिडकी, तो, सगळं विरघळल्यासारखं झालं. त्याने काडी तळव्यात धरून गरम केली, किंचित वाकवली आणि स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यांवर चढवली. बोटं कानाला लागली नाहीत. पण लागतील असं मात्र तिला वाटून गेलं.

"आता?"

"आता दिसतंय," ती म्हणाली. नेमकं काय, ते तिने सांगितलं नाही.

दोघांचा निकाल सारखाच आला. डॉक्टरांनी साध्या शब्दांत समजावलं : इन्सुलिन तयार होतंय, भरपूर होतंय, ते पेशींचं दारही ठोठावतंय, पेशींनी ऐकणं सोडलंय. साखर बंद. ताटात आधी भाजी, मग डाळ किंवा अंडी, शेवटी थोडंसं धान्य. आणि जेवल्यावर चालायचं.

ती बाहेर येऊन पायरीवरच थांबली. लहानपणापासून घरात तिला ढब्बू म्हणत आणि तिने स्वतःला आळशी म्हणून कधीचं निकालात काढलं होतं. आणि इथे आत कुणीतरी वर्षानुवर्षं, न कंटाळता, दारावर थाप देत उभं होतं. आपल्याच शरीरापुढे असे हात जोडावेसे तिला पहिल्यांदाच वाटले.

बेकरी आणि चष्म्याचं दुकान यांत दोनच गल्ल्या होत्या. दुपारचं जेवण झालं की दोघं नदीकाठच्या रस्त्याने चालू लागली. तो वाटेतल्या पाट्या तिला लांबून वाचायला लावायचा. ती त्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या डब्यात काय असेल ते वासावरून सांगायची. बेकरीत ती आता क्रीम जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकत असे. मावशीला ते बघवत नव्हतं. चिमणीएवढं खाणाऱ्यांनी हत्तीएवढे केक करू नयेत, असं ती येता-जाता ऐकवायची.

मग एका दुपारी तिने डब्यातलं गाजर चावलं आणि चालता चालता थबकली.

"काय झालं?"

"हे... गोड आहे."

"गाजर गोडच असतं."

"तसं नाही हो. खाऊन बघा."

त्याने तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. तो सावकाश चावत राहिला. पाण्यावरून आलेल्या वाऱ्याने त्याचे केस कपाळावर आले, तरी त्याने हात उचलला नाही.

"हे आधीपासून असंच होतं?" त्याने अगदी हळू आवाजात विचारलं. "आणि आपल्याला कळत नव्हतं?"

त्या दिवसापासून त्यांना वेडच लागलं. दुधात गोडवा सापडला, भाजलेल्या कांद्यात सापडला, बदामात तर शेवटी शेवटी, वाट बघितल्यावर. तो दुकानातल्यासारखाच विचारायचा, हे जास्त की हे? आता परत बघा... हे की हे? त्याचं उत्तर तिच्या उत्तराहून कधी वेगळं आलं नाही. तिला त्याची गंमत वाटायची आणि थोडी भीतीही.

अशात लग्नाच्या पाच थरांच्या केकचं काम आलं. बेकरीला एवढं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. तिने क्रीम चाखलं, अति गोड. साखर कमी केली. तरी अति. पुन्हा कमी केली, आणि मग स्वतःवर भरवसा राहिना म्हणून त्याला बोलावून दोन चमचे पुढे धरले.

"दुसरा," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट."

केक गेला.

दुसऱ्या दिवशी नवरीचे वडील आले. भांडले नाहीत, हेच वाईट झालं. दिसायला फार सुंदर होता, एवढं म्हणून त्यांनी उरलेला अख्खा एक थर काउंटरवर ठेवला. मावशीने तुकडा तोंडात घातला आणि भाचीकडे पाहिलं.

"ब्रेडला क्रीम फासून पाठवलंस? हे बघ, दोन दगडांवर पाय नकोत. पथ्य कर, नाहीतर केक कर. संध्याकाळपर्यंत सांग मला."

ती थेट त्याच्या दुकानात गेली. सगळं ऐकून तो आधी हसला, मग कपाळाला हात लावून बसला. सारख्याच नंबरचे दोन डोळे एकमेकांना काय तपासणार, हे आपल्याला कळायला हवं होतं, असं म्हणाला. मग तो उभा राहिला.

"मी पथ्य सोडतो."

"काय?"

"तुम्हाला चारचौघांसारखी जीभ हवी ना? मी रोज केक खातो. महिन्याभरात होते पूर्ववत. तुम्ही करा, मी चाखतो. तुम्ही तुमचं सोडू नका."

त्याची कॉलर आता सैल झाली होती. मानेवरचा काळेपणा निवळत चालला होता. एवढ्या कष्टाने मिळवलेलं सगळं तो चष्मा पुसावा तितक्या सहज द्यायला निघाला होता. तिच्यावर प्रेम करणारी माणसं होती; तिच्यासाठी स्वतःचं आयुष्य कमी करायला कुणी निघालं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "हात माझे, जीभ मावशीची. असं चालत असेल तर ठीक, नाहीतर दुसरी बेकरी बघेन. पण तू..." ती अडखळली, तरी थांबली नाही. "तू पथ्य सोडायचं नाहीस. मला तू पुष्कळ वर्षं हवा आहेस."

रस्त्यावरून बस गेली. काचेतले सगळे चष्मे थरथरले.

"परत म्हण," तो म्हणाला.

"एकदाच म्हणणार होते."

बेकरीत मावशी ओट्यापाशी हाताची घडी घालून उभी होती. भाचीचं म्हणणं तिने ऐकून घेतलं. चाखीन मी, पण मग माझं वजन वाढलं तर ते कोण उतरवणार, असं कुरकुरली. मग तिची नजर दारातल्या माणसावर गेली.

"आणि हे कोण?"

"केक बरोबर झालाय म्हणाले... ते हे."

मावशीने त्याला पायांपासून डोक्यापर्यंत निरखलं.

"याला केकपाशी फिरकू देऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्यापाशी ठेवायला माझी ना नाही."