दुमडलेली पानं

"झाड बदललंय," चष्मिस म्हणाली.

सुट्टी लागल्यापासून रोज सकाळी दात घासायच्या आधी ती टाकीच्या काचेला नाक लावून बसायची. टाकीत मामाची न्यूटची जोडी होती. दिसायला पालीची चुलत भावंडं, पण खरं नातं बेडकाशी. पाठ काळी, पोट नारिंगी. परगावी कामाला जाताना मामाने टाकी बहिणीकडे, म्हणजे चष्मिसच्या घरी ठेवली होती आणि जाता जाता म्हणाला होता, "तीन वर्षं झाली, एक पिल्लू नाही. या खेपेलाही नाही झालं, तर आल्यावर दुकानदाराला परत देऊन टाकतो." तेव्हापासून चष्मिसच्या डोक्यात भुंगा शिरला होता. तिला ही जोडी जायला नको होती.

"हिरवंच तर आहे. बदललं काय?" धाकट्या भावाने विचारलं. ताई जाईल तिथे तो जायचा, म्हणून त्याचं नाव शेपूट.

"मामाने लावलेली झाडाची जुडी निळ्या लोकरीने बांधलेली होती. ही रबरबँडने बांधलीय. आणि हिच्यात एकही पान दुमडलेलं नाही."

"पान दुमडलेलं नसणं हा गुन्हा आहे का?" शेजारची मैत्रीण म्हणाली. वाद घालण्यात तिचा हात कुणी धरत नसे, म्हणून वर्गात तिला सगळे वकील म्हणायचे.

"अगं, परवा मी पाहिलं. मादीने मागच्या पायांनी पान मिठीत धरलं, सोडलं तेव्हा ते पुडीसारखं मिटलेलं. मी उलगडलं, तर आत काचेच्या मण्यासारखं अंडं! एका पानात एक."

"म्हणजे झाड गेलं तर अंडी गेली!" शेपूट ओरडला.

तिघं स्वयंपाकघरात धावली. त्यांच्याकडेच राहणारी आत्या ओटा पुसत होती. आत्याला स्वच्छतेचं इतकं वेड, की साबणाची वडीसुद्धा ती धुऊन ठेवायची.

"काल तुम्ही खेळायला गेलात ना, तेव्हा मासेवाल्या काकांना मीच बोलावलं पाणी बदलायला," ती कौतुकाने म्हणाली. "पानं आकसलीत, रोग पडलाय म्हणाले. नवी जुडी लावून जुनी घेऊन गेले. कशी चकाचक दिसतेय टाकी!"

चष्मिसने झाकणाची बादली उचलली आणि तिघं निघालीच.

कोपऱ्यावरच्या काकांच्या दुकानात भिंतभर टाक्या बुडबुडत होत्या. दाराजवळच्या टाकीत निळी लोकर दिसली. पण दोन लठ्ठ गोल्डफिश त्या जुडीची पानं ओढून ओढून खात होते. चष्मिसला रडूच यायला लागलं.

"काका, ती जुडी आमची आहे. तिच्यात अंडी आहेत."

काकांनी मान वर न करताच खाद्य टाकलं. "अंडी पानांना लागत नसतात, बाळ. तुझ्या जन्माआधीपासून हा धंदा करतोय मी."

मग वकील पुढे झाली. शेजारीच एक बाई मासे निवडत होत्या, हे तिने हेरलं होतं.

"काका, त्या झाडाला रोग होता म्हणून तुम्ही ते काढलंत ना?" तिने अगदी नम्रपणे, पण खणखणीत आवाजात विचारलं.

"हो तर. सगळी पानं आकसलेली."

"मग रोगट झाड विकायच्या माशांत कसं?"

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "रोग आहे?"

"छे छे! झाड धडधाकट आहे," काका घाईघाईने म्हणाले.

"मग बदललंत कशाला?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी काकांची गत झाली. त्यांनी बाही सारली, जुडी उपसली आणि बादलीत सोडली. "न्या बाबांनो, आणि माझं डोकं खाणं थांबवा."

घरी येऊन चष्मिसने एकेक पान पाहिलं. बाहेरची पानं कुरतडलेली, रिकामी. मात्र जुडीच्या गाभ्यात, माशांचं तोंड पोचलं नव्हतं तिथे, पानं घट्ट मिटलेली होती. तिने हलकेच एक उघडलं. आत अंडं होतं. मग आणखी एक. तिने वकीलबाईंना घट्ट मिठी मारली.

"मोठ्यांपासून वेगळी ठेवायला हवीत," ती म्हणाली. "नराला मी सुटं अंडं मटकावताना पाहिलंय."

"अगं बाई, मीच घात केला होता की!" आत्या म्हणाली आणि तिने आपलं आवडतं, रुंद तसराळं काढून दिलं. घरातला सगळ्यात थंड कोपरा तिनेच शोधला, आणि तिथे कुणी फडकं घेऊन फिरकायचं नाही असा हुकूमही सोडला.

अंड्यातला ठिपका हळूहळू लांबला, वाकला, वळवळला. मामा परतला त्या दिवशी तसराळ्यात पापणीच्या केसाएवढी पिल्लं पोहत होती. मानेशी दोन्हीकडे पिसासारखे इवले कल्ले. आत्याने मासेवाल्या काकांनाही मुद्दाम बोलावलं होतं.

"मानलं पोरांनो," काका भिंग खाली ठेवत म्हणाले. "इतकी वर्षं टाक्या धुतल्या, पण आत बघायचं राहूनच गेलं."

मामा मात्र दुमडलेलं पान पुन्हा पुन्हा न्याहाळत होता.

"ही पानं..." शेवटी तो पुटपुटला. "मी कुजकी समजून दरवेळी चिमट्याने खुडून टाकायचो."

आत्याला आधी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.

"मग आता जोडी परत देणार?" चष्मिसने घाबरत विचारलं.

"माझी काय बिशाद? जोडी तुझी, पिल्लंही तुझी. तुझ्याइतकं नीट त्यांच्याकडे पाहिलंय कुणी?" मामाने तिच्या पाठीवर थाप मारली. "मोठी झाली की मला दोन देशील?"

चष्मिसने हात पुढे केला.

"देईन. आधी तो चिमटा इकडे दे."