चौथा रकाना

आमचं काम साधं होतं. कोणत्या घरात, किती वाजता, कितीजण टीव्हीसमोर बसतात ते मोजायचं. मुंबईच्या एका कंपनीने नागपुरात चाळीस घरं निवडली होती. प्रत्येक घराला दर आठवड्याला एक वही दिली जायची. वहीच्या पानावर दिवसाचे पाव-पाव तास एकाखाली एक छापलेले, आणि घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक उभा रकाना. त्या पाव तासात टीव्ही पाहिला असेल तर रकान्यात खूण करायची, नसेल तर जागा कोरी सोडायची. बस.

साल १९८७. विश्वचषकाचे सामने आपल्याकडे होते आणि साबणापासून सायकलच्या टायरपर्यंत सगळं विकणाऱ्यांना हे आकडे हवे होते. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. चाळीसपैकी बारा घरं माझ्याकडे होती. सात जुन्या महाल भागात, दोन तेव्हा अर्ध्या रिकाम्या असलेल्या हुडकेश्वरला आणि तीन कोराडीच्या वीज कामगारांच्या कॉलनीत. खोटी वही मला चटकन ओळखू यायची. एका बैठकीत भरलेल्या वहीतल्या खुणा एकाच दाबाच्या, एकाच तिरकसपणाच्या असतात. खरं पाहणारा माणूस कधी घाईत खूण करतो, कधी विसरतो, कधी तेलकट बोट लावतो.

कोराडीच्या गोहणे कुटुंबाची वही माझी आवडती होती. चंपतराव गोहणे विजेच्या कामावर होते. बायको पंचफुला आणि दहावीतली मुलगी प्रेमिला. वही प्रेमिला भरायची. वडिलांची खूण हिरव्या शाईने, आईची लाल, स्वतःची निळी. एकदा तिने मला विचारलं होतं, "ताई, आवाज बंद करून पाह्यलं तर ते धराचं का?" बारा घरांत असा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, नागपूरच्याच मैदानावर सामना होता. आमच्या कार्यालयाचे प्रमुख मधुसूदन यांनी कुठूनतरी दोन पास मिळवले आणि एक मला दिला. मी अबोली रंगाची साडी नेसून गेले होते. ऊन चांगलंच तापलं होतं. जेवणाच्या सुट्टीत लोक डबे उघडून बसले, तेव्हा मी पर्समधली छोटी वही काढली आणि सोमवारी कोणाकडे आधी जायचं त्याची यादी करत बसले. एवढंच.

सोमवारी मी वह्या गोळा केल्या. मंगळवारी त्या तपासायला घेतल्या. शनिवारी कोराडीच्या कॉलनीत सव्वाअकरा ते पावणेदोन वीज नव्हती, हे मला तिथल्याच एका घरातून कळलं होतं. त्याप्रमाणे दोन घरांच्या वह्या त्या वेळेपुरत्या कोऱ्या होत्या.

गोहण्यांची वही भरलेली होती. हिरवी, लाल, निळी. एकही पाव तास सुटलेला नव्हता.

मला वाईट वाटलं. मग मी पान जरा लांब धरलं आणि निळ्या रकान्याच्या उजवीकडे पेन्सिलीची एक रेघ दिसली. पट्टी लावून आखलेली. चौथा रकाना. वर नाव नाही, वय नाही. तो शनिवारी दुपारी एक वाजता सुरू होत होता आणि त्यात पुढे प्रत्येक चौकटीत पेन्सिलीची खूण होती. संध्याकाळी, रात्री, टीव्हीवर काहीच नसतं त्या पहाटेसुद्धा. रविवार संपेपर्यंत.

बुधवारी मी सीताबर्डीहून कोराडीची बस धरली. मनात राग होता. कॉलनीतल्या झाडांच्या पानांवर नेहमीसारखी राख बसली होती. चंपतराव नुकतेच कामावरून आले होते, गळ्यात टॉवेल तसाच होता. पंचफुलाबाई आणि प्रेमिला टीव्हीसमोरच्या चटईवर बसल्या होत्या. टीव्ही बंद होता.

"शनिवारी वीज गेली होती ना?" मी विचारलं.

"हाव," चंपतराव म्हणाले. "ट्रान्सफॉर्मरमधी खार शिरली. अडीच घंटे लाईन नव्हती."

"मग ही वही?"

पंचफुलाबाईंनी चंपतरावांकडे पाहिलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"टीव्ही चालू होता, बाई," चंपतराव शेवटी म्हणाले. "पंखा बंद, लाईट बंद, टीव्ही चालू. वीस वर्सं झाले मी विजेचंच काम करून राहिलो. मी सोता पिन उपसून पाह्यली. पिन माह्या हातात, अन् टीव्ही चालू."

मी हसणार होते. पण त्यांचा चेहरा शपथ घेणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"काय दिसत होतं?"

प्रेमिलाने सांगितलं. तिचा आवाज वर्गात उत्तर देणाऱ्या मुलीसारखा होता. "मैदानात कोणीच नव्हतं, ताई. खेळाडू नाही, अंपायर नाही. कॅमेरा नुसता लोकांवर होता. आवाज नव्हता. हजारो लोकं, अन् सगळे चूप बसून आमच्याकडं पाहून राहिले होते. कोणी हालत नव्हतं. एकजण मात्र लिहून राहिल्या होत्या."

"कोण?"

तिने मान खाली घातली.

"तुमीच होत्या नं, बाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अबोली साडी. मांडीवर लहानशी वही. तुमी मान वर केली, आमच्याकडं पाह्यलं, अन् बोटानं मोजलं. एक, दोन, तीन..."

"चार," प्रेमिला म्हणाली. "म्हणून मी रकाना आखला. मले वाटलं, तुमाले माहीत असन."

मी मैदानावर जाणार हे मी कोराडीत कोणालाच सांगितलं नव्हतं. साडीचा रंग तर नाहीच नाही. एखाद्या क्षणी कॅमेरा माझ्यावर आला असेल, असं मी मनात म्हटलं. पण तो पाहायला या घरात वीज नव्हती.

"चौथं कोण आहे?" मी विचारलं.

"दिसत नाही," प्रेमिला म्हणाली. "पण बसताना मंधात जागा सोडा लागते."

तेव्हा माझं चटईकडे लक्ष गेलं. मायलेकी नेहमी खांद्याला खांदा लावून बसायच्या. आज दोघींच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. आल्यापासून ती माझ्यासमोरच होती. चटईच्या काड्या तेवढ्याच जागी दबलेल्या होत्या.

"काढून टाका, बाई," चंपतराव म्हणाले. हात जोडले नव्हते, पण जोडल्यासारखेच उभे होते. "तुमीच मोजलं, तुमीच काढा."

मी पर्समधून माझी छोटी वही काढली. त्यांना दाखवायला, की बघा, मी फक्त घरांची यादी केली होती. शनिवारचं पान उघडलं. बारा घरं, प्रत्येकापुढे माणसांची संख्या. अकरा घरांचे आकडे बरोबर होते.

बारावी ओळ माझ्याच अक्षरात होती. गोहणे, कोराडी. पुढे ४.

मी असं लिहिलं नव्हतं. निदान लिहिल्याचं आठवत नव्हतं. मैदानावर मी वर पाहिलं होतं का? बोटानं मोजलं होतं का? मला ऊन आठवत होतं, शेजारच्या बाईच्या डब्यातल्या पाटवड्या आठवत होत्या. बाकी काही नाही.

मी त्यांच्या देखत पेन उघडलं. चारावर काट मारली, शेजारी तीन लिहिले. मग प्रेमिलाच्या वहीतला पेन्सिलीचा रकाना वरपासून खालपर्यंत एका रेघेने खोडला. पंचफुलाबाईंनी श्वास सोडला. चंपतरावांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मला हलकं वाटलं. या लोकांच्या मनातली भीती मी एका रेघेत काढली, असं काहीसं.

प्रेमिला मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस दिसली तेव्हा म्हणाली, "ताई, तुमी तीन लिहिलं."

"हो मग?"

"तीन म्हणजे कोणते तीन, ते नाही लिहिलं."

"घरातले तीन, वेडाबाई. आणखी कोणते?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बसमध्ये चढले. मागच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा ती अजून थांब्यावरच उभी होती.

पुढच्या सोमवारी दुपारी मी कोराडीला गेले. पंचफुलाबाईंनी हसतच दार उघडलं. चेहऱ्यावरचा ताण गेला होता. वही टीव्हीवर ठेवलेली होती. मी उभ्या उभ्याच ती चाळली. तीन रकाने. मला बरं वाटलं.

मग रंग दिसले.

हिरवा. लाल. तिसरा पेन्सिलीचा.

तिसऱ्या रकान्यात बुधवारपर्यंत निळी खूण होती, गुरुवारपासून कुठेच नव्हती. पेन्सिलीची खूण मात्र तिथून पुढे प्रत्येक चौकटीत होती, पहाटेच्यासुद्धा.

"प्रेमिला शाळेत गेली का?" मी विचारलं.

"कोण?" पंचफुलाबाई म्हणाल्या.

"प्रेमिला."

"कोण प्रेमिला, बाई?"

मला वाटलं, चेष्टा आहे. मी हसले. त्यासुद्धा हसल्या, पाहुण्याला न कळलेल्या गोष्टीवर आपण हसतो तसं.

"तुमची मुलगी."

"आमाले कुठं मुलगी हाये?" त्या सहज म्हणाल्या.

मी आतल्या खोलीत पाहिलं, कोणाला न विचारता. कोपऱ्यात तिचं अभ्यासाचं टेबल असायचं. तिथे तांदळाचा पिंप होता, आणि भिंतीवर टेबलाच्या उंचीला घासल्याची खूण.

मागच्या आठवड्यांच्या वह्या माझ्या पिशवीत होत्या. मी एक उघडून पंचफुलाबाईंसमोर धरली. प्रेमिलाचं गोलसर, सुटं अक्षर. निळ्या खुणा.

"हे अक्षर कोणाचं आहे?"

त्यांनी वही घेतली. पदराने हात पुसून मग एका ओळीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिल्या.

"किती साजरं अक्षर हाये," त्या म्हणाल्या. "कोणाचं वं?"

चंपतराव मागे येऊन उभे राहिले होते.

"चंपतराव, तुम्ही तरी सांगा. या घरात किती माणसं आहेत?"

"तीन," ते म्हणाले. "तुमीच तर लिहून गेल्या."

"तिसरं कोण?"

दोघांनी एकदमच चटईकडे पाहिलं. घरातल्या माणसाकडे पाहावं तसं, न घाबरता.

"हे काय," चंपतराव म्हणाले.

मी पाहिलं नाही. आजवर कोणी विचारलं की मी सांगते, तिथे काही नव्हतं. खरं हे आहे की मी पाहिलंच नाही.

मी भिंतीला टेकून माझी छोटी वही काढली. तीन खोडले, चार लिहिले. पुन्हा खोडले, पुन्हा तीन लिहिले आणि खाली नावं घातली. चंपतराव. पंचफुला. प्रेमिला. प्रेमिला हे नाव इतकं दाबून लिहिलं की निब वाकली. मग दाराकडे पाहत उभी राहिले, जणू ती चप्पल काढत आत येणार होती.

काही झालं नाही. पंचफुलाबाईंनी पाणी आणून दिलं.

मी तिच्या शाळेत गेले. वर्गशिक्षिका भीमाबाईंनी हजेरीपट माझ्यासमोर ठेवला. दहावीत एकोणचाळीस मुली होत्या. बावीस क्रमांकानंतर चोवीस होता. "छापताना चुकलं असेल," त्या म्हणाल्या. मग स्वतःच त्या रिकाम्या ओळीकडे पाहत राहिल्या, आणि पट मिटला. मी कॉलनीतल्या इतर दोन घरी विचारलं. त्यांनी मला बसवून घेतलं, ताप आहे का म्हणून विचारलं. कार्यालयात परतून मधुसूदनांना काय सांगणार होते? की मी एक आकडा दुरुस्त केला?

पाच वाजता मी कॉलनीच्या फाटकापाशी उभी होते. का, ते मलाही सांगता आलं नसतं. चंपतराव माझ्यासमोरूनच कामावर निघून गेले. थोड्या वेळाने पंचफुलाबाई आल्या आणि माझ्याशेजारी येऊन थांबल्या.

"तुम्ही कशाला आलात?" मी विचारलं.

"कोण जाणे, बाई," त्या म्हणाल्या. "चार दिवस झाले, या टायमाले घरात पायच ठरत नाही. इथं येऊन उभी राहतो. काहून, ते मले समजून नाही राहिलं."

शाळेची बस आली. मुली उतरल्या, दप्तरं सावरत, एकमेकींना हाका मारत कॉलनीत पांगल्या. शेवटची मुलगी उतरली तरी ड्रायव्हरने दार लावलं नाही. मागे वळून रिकाम्या बाकांकडे पाहत बसला.

"एक पोरगी राह्यली का गा?" त्याने खिडकीतून विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

पंचफुलाबाईंनी तोंड उघडलं. त्यांचे ओठ हलले, काहीतरी आठवण्याच्या अगदी काठावर आलेल्या माणसासारखे. मी त्यांचा हात घट्ट धरला. म्हणा, मी मनात म्हणाले, म्हणा.

मग त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि माझा हात हळूच सोडवला.

"जातो मी, बाई," त्या म्हणाल्या. "लेकरू घरी एकटंच हाये."