बंद दोजोतली ठकठक

"श्श! पुन्हा आला बघ आवाज!" नागिसाने हारुमाचा शर्ट मागे ओढला.

ठक्! ठक्!

आवाज बंद दोजोतून, म्हणजे कराटेच्या जुन्या तालीमघरातून येत होता. अराकाकी गुरुजी वारल्यापासून अकरा वर्षं तिथे कराटेचा वर्ग भरला नव्हता. फाटकावर तर नगर कार्यालयाचा कागदच होता: 'इमारत वापरात नाही. सोमवारी पाडणार.'

"भूत!" हारुमाचा धाकटा भाऊ सोरा कुजबुजला.

"भर सकाळी? भुतांनाही सुट्टी असेल की!" हारुमा म्हणाला खरा, पण तोही नागिसाच्या मागे सरकला.

बेटावरच्या शाळेत आता हे तिघंच उरले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दिवस संपता संपायचा नाही. म्हणूनच त्या ठकठकीचा छडा लावल्याशिवाय नागिसाला राहवेना.

तिघांनी भिंतीच्या फटीला डोळे लावले. आत गुरुजींची बहीण, त्सुरु आजी! ऐंशीच्या घरातली आजी गवताची दोरी गुंडाळलेल्या खांबावर मुठी मारत होती. मग ती वळली, तिने रिकाम्या जागेला वाकून नमस्कार केला आणि कोणीच न मारलेला ठोसा हाताने अडवला.

"आजी, कोणाशी लढताय?" सोरा ओरडलाच!

आजी दचकली, मग हसली. "या आत. चपला बाहेर!" तिने तिघांच्या हातावर काळ्या गुळाचा एकेक खडा ठेवला. "लढत नाही रे. आपण आधी हात उगारायचाच नाही, आलेला अडवायचा. आमच्या पणजोबांच्या वेळी लोक हे लपूनछपून शिकायचे. माझ्या लहानपणीही मुलींना कोण शिकवणार? मी याच फटीतून बघून शिकले. पुढे दादा माझ्यासमोर उभा राहायचा. तो गेला. आता समोर कोणी नसतं."

नागिसा आजीसमोर जाऊन उभी राहिली. वाकली. ठोसा मारला. आजीचा हात अलगद आडवा आला.

"सोमवारी पाडायला येणाऱ्या ट्रकची हवाच सोडू!" हारुमा तावातावाने म्हणाला.

"म्हणजे पहिला वार आपलाच की!" आजीने त्याला टपली मारली.

"मग मी सांगते तसं करू," नागिसा म्हणाली. त्याच दुपारी तिघांनी गावप्रमुख ओशिरोकाकांचं दार वाजवलं.

सोमवारी ट्रक आला. कार्यालयाचे साहेब उतरले, तर दारात चपलांचे जोड ओळीने मांडलेले! आत आजी, आणि तिच्यासमोर तिघं मुलं मुठी आवळून उभी!

"अरे, ही इमारत रिकामी आहे!" साहेब ओरडले.

"मग आम्ही कोण दिसतो?" सोराने विचारलं.

नागिसा पुढे होऊन वाकली. "साहेब, तुम्ही तपासणी कधी केलीत?"

"फेब्रुवारीत."

"आत येऊन?"

साहेबांचे कान लाल झाले. "...गाडीतूनच."

"मग आज आतून करा ना! पण बूट काढून हं!"

दाराशी उभे असलेले ओशिरोकाका खदखदून हसले. "वापरात असलेली जागा पाडता येत नाही, साहेब! शाबास पोरांनो! एकही हात न उगारता ट्रक परत पाठवलात!"

साहेबांनी नवा कागद काढला. 'वापरणारे: चार.' मग पेन थांबलं. "शिक्षकांचं नाव?"

"ते वारले," आजी घाईघाईने म्हणाली.

"लिहा," नागिसा म्हणाली, "त्सुरु अराकाकी."

आजीने तिच्याकडे पाहिलं. मग ती कागदाजवळ सरकली.

"अक्षर जरा मोठं काढा हो," ती हळूच म्हणाली. "मला चष्म्याशिवाय वाचायचंय."