रविवारचे अंथरूण

"माझ्या सापावर कोणीतरी विषप्रयोग करून राहिलं आहे, क्षमाताई. अन् ती माझी वहिनीच आहे."

शामरावांच्या कपातला चहा बशीत सांडला. रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त होऊन ते क्षमाताईंच्या तपासकामात सोबती झाले, त्याला सहा वर्षे झाली होती. माणसाने माणसाला घातलेल्या विषाच्या कथा त्यांनी ऐकल्या होत्या. सापालाच विष, हा प्रकार नवा होता.

"आधी साप," क्षमाताई शांतपणे म्हणाल्या. "वहिनी नंतर."

समोर बसलेल्या पूर्णिमाने डोळे पुसले. तिचा साप म्हणजे केशर. परदेशी जातीचा, नारिंगी रंगाचा, बिनविषारी, रीतसर नोंद केलेला. चार आठवड्यांपासून दर रविवारी रात्री तो तोंड उघडून धापा टाकू लागे, सोमवारी बेजार होई आणि गुरुवारपर्यंत सावरे. मध्यंतरी डॉक्टरांनी त्याला तीन दिवस दवाखान्यात नुसत्या वर्तमानपत्रावर ठेवले, तेव्हा ठणठणीत झाला. घरी आला आणि काल, रविवारी, पुन्हा तेच.

"डॉक्टर म्हणाले, हवेत काहीतरी आहे. पद्मिनीवहिनी सापाला घाबरते. लग्नाला चारच महिने झाले. तरी तीनदा मी तिला केशरच्या खोलीतून बाहेर येताना पाहिलं. हातात फिनाइलची बाटली! आज दादा कामावरून आला की मी सांगणार. या घरात ती राहील, नाहीतर मी."

"दादा किती वाजता येतो?"

"सहाला."

"मग सहाच्या आत छडा लावायला हवा, शामराव."

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या त्या घरी केशरची खोली जिन्याखाली होती. काचेच्या पेटीत रंधून काढलेल्या लाकडाच्या पिवळसर छिलक्यांच्या जाड थरावर केशर मान उंचावून पडला होता. क्षमाताईंनी पेटीचे झाकण किंचित सरकवले.

"देवळासारखा वास येतो."

"वरच्या नरहरकाकांचा धूप, ताई. रोज संध्याकाळी जाळतात. आता तर आमच्या लक्षातही येत नाही."

"अंथरूण कोणते घालतेस?"

"पॉप्लरच्या लाकडाचे छिलके. कोरडे, बिनवासाचे, धूळ नसलेले. डॉक्टरांनीच सांगितलं होतं. भनपुरीचे सुतार गंगाधर मिस्त्री दोन वर्षांपासून पोतं पाठवतात. दर रविवारी सकाळी बदलते. खिडकी मात्र कधीच उघडत नाही, त्याला ऊब लागते."

क्षमाताईंनी चिमूटभर छिलके लिफाफ्यात टाकले. मग खिडकीजवळ गेल्या. गजांवर बोटभर धूळ होती. कडी तेवढी लख्ख होती.

आतल्या खोलीत पद्मिनी बॅग भरत होती. लग्नातल्या शालूची घडी तिने मोडून पुन्हा घातली.

"माहेरी, गोंदियाला चालली मी. आरोप घेऊन कोण राहील इथं?"

"फिनाइल काहून नेत होती?" शामरावांनी करड्या आवाजात विचारले.

"जिना रोज मीच पुसते ना, काका! बाटली घरात दुसरं कोणी उचलते का?"

"आणि त्या खोलीत जायचीस ते?" क्षमाताई म्हणाल्या.

पद्मिनीने मान खाली घातली. "ते नाही सांगत मी. पूर्णिमादीदी रागवेल."

अंगणात नरहरराव भेटले. खांद्यावर बॅग, अंगावर प्रवासाचा चुरगळलेला सदरा.

"शुक्रवारपासून नागपूरला होतो, नातवाचं बारसं होतं. हा आत्ताच येऊन राहिलो. काय, तो साप गेला का एकदाचा?"

"तुम्हाला आनंद झाला असता?" शामरावांनी विचारले.

"भैया, मले त्याची भीती वाटते. पण मरो असं कोण म्हणेल?"

रिक्षात बसताच शामराव म्हणाले, "ताई, हाच! धूप. फिनाइलपेक्षा धूपच घातक."

"तुम्ही त्यांची बॅग पाहिली, शामराव?"

"पाहिली की. बरीच जड होती."

क्षमाताई हसल्या आणि बाहेर पाहू लागल्या.

भनपुरीत ट्रकांच्या रांगेमागे गंगाधर मिस्त्रींचे शेड होते. दाराशी चहाटपरीवाला भट्टीसाठी पांढरेफटक छिलके पोत्यात भरत होता. आत एका कोपऱ्यात छातीइतके उंच देवघर आकार घेत होते. मिस्त्री त्यावर रंधा मारत होते. अनवाणी, डोक्याला रुमाल बांधून. चपला दाराजवळ काढलेल्या होत्या. इतर ठिकाणी घोट्याइतका भुसा होता. त्या कोपऱ्यातली फरशी मात्र स्वच्छ होती.

"सुंदर काम आहे," शामराव मनापासून म्हणाले. "किती दिवसांचं?"

"महिना झाला. उरला गावच्या एका शेठचं आहे." मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "अन् आमची नागदेवता कशी आहे?"

"आजारी आहे," क्षमाताई म्हणाल्या. "चला आमच्यासोबत, पाहायला."

साडेपाच वाजता सगळे केशरच्या खोलीत जमले. पद्मिनी बॅग घेऊन दारातच थांबली.

"फिनाइल रोजचे, धूप रोजचा," क्षमाताईंनी सुरुवात केली. "केशर मात्र आठवड्यातून एकदाच आजारी पडतो आणि हळूहळू सावरतो. रविवारीच बदलणारी वस्तू या खोलीत एकच आहे, अंथरूण. दवाखान्यात अंथरूण निराळे होते, आजारही नव्हता."

"पण तो वास, ताई? धूप?" शामराव म्हणाले.

"नरहरराव शुक्रवारपासून नागपुरात होते. तीन दिवस धूप कोणी जाळला?"

शामरावांनी कपाळावर हात मारला.

क्षमाताईंनी लिफाफा उघडला. "पॉप्लर पांढरे असते, टपरीवाल्याच्या पोत्यातल्यासारखे. हे पिवळे आहे, सुगंधी आहे. मिस्त्री, देवघर कोणत्या लाकडाचे?"

"देवदाराचं."

"रंधा चालू होता, आणि तरी खाली एक छिलका नव्हता. कुठे जातात ते?"

गंगाधर मिस्त्री गोंधळले. "देवाच्या लाकडाचा छिलका पायाखाली कसा येऊ देऊ? चुलीत तरी कसा घालू? पाप लागते. मनात आलं, नागदेवतेच्या अंगाखाली गेला तर सोनं होईल. महिन्यापासून तोच पाठवून राहिलो."

"देवदाराचे तेल हवेत उडते आणि बंद पेटीत कोंडते. केशर त्यात नाक खुपसून झोपतो. चार दिवसांत वास विरला की त्याला बरे वाटते, तोवर नवा रविवार येतो."

मिस्त्रींनी डोक्याचा रुमाल काढला. "मीच का!"

"तुमचा भाव खरा होता, लाकूड चुकले. राहिली ती खिडकी. सगळ्या गजांवर धूळ आहे, कडी तेवढी हाताळलेली. सांग, पद्मिनी."

"तो धापा टाकायचा," पद्मिनी पुटपुटली. "मले लई भीती वाटायची. डोळे मिटून आत जायची, खिडकी उघडून पळून यायची. सकाळी दीदी उठायच्या आत लावून टाकायची."

पूर्णिमाने पुढे होऊन वहिनीच्या हातातली बॅग काढून घेतली आणि तिथेच, दारात, तिच्या गळ्यात पडली. "वहिनी, मी गाढव आहे गं."

"हव," पद्मिनी नाक ओढत म्हणाली. "थोडी आहेसच."

केशरला उचलून पेटी रिकामी झाली. वर्तमानपत्र पद्मिनीनेच अंथरले. यावेळी डोळे उघडे ठेवून.

"टपरीवाल्याच्या आधी तुमचं पॉप्लरचं पोतं बाजूला काढतो," मिस्त्री पूर्णिमाला म्हणाले. मग त्यांनी देवदाराच्या ढिगाकडे केविलवाण्या नजरेने पाहिले. "पण याचं काय करू? टाकवत तर नाही."

क्षमाताईंनी पद्मिनीच्या बॅगेकडे बोट दाखवले. "आत लग्नाचा शालू आहे. देवदारात ठेवलेल्या रेशमाला कसर लागत नाही."

सहा वाजता दादा दारात आला. त्याच्या बायकोचा शालू परत ट्रंकेत गेला होता, आणि बहीण मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेले छिलके शालूच्या घडीखाली सरकवत होती.