न दिसणारी दुरुस्ती

‘कामाचा पुरावा आढळला नाही.’

पडद्यावरचं ते वाक्य मैथिलीने पुन्हा वाचलं. चांद्रस्थानकाच्या निवडयंत्राने (आलेले अर्ज आधी चाळणाऱ्या संगणकाने) बाबांचा अर्ज परत पाठवला होता. सूर्यास्ताला मुदत संपत होती. स्थानकाला उपकरणं दुरुस्त करणारा एकच माणूस हवा होता, आणि तिथल्याच प्रयोगशाळेत मैथिलीची आई काम करत होती. ही जागा बाबांना मिळाली, तर मैथिलीलाही सोबत जाता येणार होतं; हुकली, तर आई भेटायची थेट दोन वर्षांनी.

कोडंच होतं. सांगलीतल्या निम्म्या कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक बाबांच्या हाताखालून गेले होते. पदवी नव्हती, म्हणून तर त्यांनी स्वतःचं संकेतस्थळ (इंटरनेटवरचं आपलं हक्काचं घर, जिथे कुणीही कधीही डोकावावं) उभारलं होतं. त्यावर फोटोंची नुसती रेलचेल. मग पुरावा नाही कसा?

“यंत्रच आंधळं आहे,” बाबा वैतागून म्हणाले.

“आंधळं नाही,” खटपट्या म्हणाला. खटपट्या हा त्यांच्या कार्यशाळेतला यंत्रमानव. पाने-स्क्रूड्रायव्हर हातात देणं हे त्याचं काम, आणि न विचारता मत देणं हा छंद. “मैथिली, या फोटोत काय दिसतं?”

“चकचकीत दुर्बीण.”

“आणि दुकानाच्या जाहिरातीत?”

“तीच.” मैथिली थबकली. “म्हणजे बाबांनी काय केलं, ते कुठे दिसतच नाही.”

“तेच तर. अर्जात माणूस सांगतो, मला येतं. संकेतस्थळावर त्याने दाखवायचं, कसं येतं. काय बिघडलं होतं, ते कसं ओळखलं, काय करून पाहिलं, शेवटी काय झालं. यंत्र हा माग शोधतं. शिवाय गिऱ्हाइकाच्या संकेतस्थळाचा दुवा (एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी वाट) दिला, तर तिथे जाऊन खातरजमाही करतं.”

बाबांचा चेहरा उतरला. “ते मला जमायचं नाही. आमचे उस्ताद सांगायचे, जोड दिसली तर ती दुरुस्ती नव्हे. आणि गिऱ्हाइकाची मोडकी वस्तू चारचौघांत दाखवायची नाही. घरातल्या आजारी माणसाचे फोटो लावतं का कुणी?”

गोम होती ती इथे. खिडकीतलं ऊन पार भिंतीच्या तळाशी उतरलं होतं. मैथिलीला रडू येत होतं आणि बाबांचा रागही.

“मग त्यांनाच विचारू,” ती म्हणाली. “हो म्हणाले तरच लावायचं.”

पहिला फोन गेला परुळेकरबाईंना. त्यांच्या शाळेची दुर्बीण बाबांनी जोडून दिली होती.

“अहो, लावा की. आमच्याच पोरांनी पाडली होती ती, लपवायचंय काय त्यात?”

खटपट्याच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यांनी प्रत्येक दुरुस्ती टिपून ठेवली होती. बाबा सांगू लागले, मैथिली लिहू लागली. मध्येच खटपट्याने शाळेच्या दुर्बिणीचा आणखी एक फोटो पुढे केला आणि बाबा एकदम ताठ झाले.

“हा नको. तेव्हा मी भिंग उलटं बसवलं होतं.”

“पण चूक शोधली तुम्हीच ना?” मैथिली म्हणाली. “ते लिहू.”

बाबांनी तो फोटो जवळ घेऊन पुन्हा पाहिला. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागायला सुरुवात झाली.

“लिही,” ते अखेर म्हणाले.

मैथिलीने शाळेच्या संकेतस्थळाचा दुवा जोडला आणि अर्ज पुन्हा पाठवायचं बटण दाबलं. ‘तपासणी सुरू’ ही अक्षरं पडद्यावर तशीच थिजून राहिली. मग ती गेली आणि तिथे एका बाईंचा चेहरा आला.

“मी शेवंता गावित, स्थानकाची मुख्य अभियंता. भिंग उलटं बसलंय हे कसं कळलं तुम्हाला?”

“तारा टिंबासारखा दिसेना, पसरट दिसायचा,” बाबा म्हणाले. “आधी हवेला दोष दिला, मग तिपाईला. शेवटी स्वतःकडे पाहिलं.”

उत्तर लगेच आलं नाही. चंद्रावर संदेश पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि परत यायला तेवढाच. ते क्षण मैथिलीला फार लांबले.

“इथे नवं भिंग यायला महिने लागतात,” गावितबाई म्हणाल्या. “चूक झाकणारा माणूस आम्हाला परवडत नाही. पुढच्या यानात दोन जागा राखते. सामान बांधा, मुलीचंही.”

बाबांनी लगेच हत्यारांची पेटी पुढे ओढली.

“आईला सांगू नका हं,” मैथिली घाईने म्हणाली. “मी सांगते.”

तिचे शब्द चंद्राकडे निघाले. उत्तर यायला पुन्हा तेवढाच वेळ लागला.

“आता कसलं सांगतेस,” गावितबाई हसल्या. “ती माझ्या मागेच उभी आहे.”