तानाबाईचं दार

दारव्ह्याच्या बाजाररस्त्याला गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या वाहिद डेंटरचं टिनाचं वर्कशॉप होतं, आणि त्याच्या हातचं दार एका बोटानं लागतं असा त्याचा लौकिक होता. दार आणि चौकट यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. ती तो विडीनं मोजायचा. विडी अडकली तरी वाईट, सैल गेली तरी वाईट. सरळ खाली उतरली की म्हणायचा, "बसलं." मग तीच विडी पेटवून गिऱ्हाइकाकडं असा बघायचा, की जगात डेंटर एकच.

दोन हजार सहाच्या माघात किसनराव आपली जुनी पिकअप ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले, तेव्हा मात्र वाहिदची मान वर होईना. चौसष्ट सालची गाडी पाच वर्षं छपरीत उभी होती. खालचा पत्रा गंजून पापडासारखा मोडत होता आणि डावं दार तारेनं बांधलेलं होतं. किसनरावांच्या पोरीचं, सुरभीचं, लग्न ठरलं होतं.

"मायच्याच गाडीत, मायच्याच जागेवर बसून जाईन म्हन्ते," किसनराव म्हणाले. "दार पक्कं कर, बावा. तिच्या मायसारखं व्हाले नको."

त्या मायचं नाव तानाबाई.

पाच वर्षांपूर्वी, कापसाला कुत्रं विचारत नव्हतं त्या साली, हेच दार लटकलं होतं. बिजागरी ज्या खांबाला असते तो खांब आतून गंजून त्याला भोक पडलं होतं. तिथं नवा पत्रा जोडायचा असतो हे शेंबडं पोरही सांगेल. पण वाहिदचा वेल्डिंगचा गॅस संपला होता, किसनरावांना सकाळीच गाडी हवी होती, आणि गाडीत मागं कापूस भरलेला होता. पत्र्यापेक्षा कापूस स्वस्त, असं म्हणून तो स्वतःशी हसलाही होता. मूठमूठ कापूस त्यानं भोकात ठासला, वरून पुट्टी भरली, रंग मारला आणि काम पक्कं झालं म्हणून सांगितलं.

आठव्या दिवशी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाताना वळणावर दार सुटलं. तानाबाई रस्त्यावर पडली ती उठलीच नाही.

गाडी तपासायला माणसांनी वाहिदलाच बोलावलं. किसनराव एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. क्लच सोडायच्या आधी ते बायकोला नेहमी विचारत, "बसली का?" आणि ती तोंडानं नव्हे, दार लावून उत्तर देई. त्या दिवशीही विचारलं होतं, दार लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. वाहिदला उपटलेली बिजागरी दिसली. पुट्टीतून डोकावणारा कापूस दिसला. त्यानं तो बोटानं आत लोटला आणि चारचौघांत म्हणाला, "बाईनं दार नीट लावलं नसंन."

डेंटरनंच सांगितलं म्हटल्यावर किसनरावांचे कान खोटे ठरले. पुढं तर ती म्हणच झाली. दार अर्धवट राहिलं की जीपवाले सवारीवर खेकसायचे, "ओ, तानाबाई करू नका." वाहिदही त्या जीपांत बसायचा. खाई त्याला खवखवे; तो खिडकीबाहेर बघत राहायचा.

या वेळी त्यानं काम नमाज पढावी तसं केलं. कापण्याआधी चौकट हलू नये म्हणून लोखंडी अँगलचा आडवा टेकू दिला. मग खांब उघडला. आत कापूस होता. पाच वर्षांच्या गंजात तो काळा पडून कुजायला हवा होता. तो पांढराशुभ्र होता, आताच वेचल्यासारखा, आणि त्याला एक ओलं हिरवं पान चिकटलेलं होतं. वाहिदनं तो जाळून टाकला. नवा पत्रा वेल्डिंगच्या तात्पुरत्या टाक्यांवर धरला, दार लावून पाहिलं, विडी फिरवली, मगच पक्कं वेल्डिंग केलं.

किसनराव संध्याकाळी सायकलवर आले. "बसलं का?"

"बसलं," वाहिद म्हणाला.

सकाळी दार दोन बोटं खाली आलं होतं.

त्यानं बिजागऱ्या सोडून पुन्हा बसवल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. हिशेबात चूक नव्हती, टेकूत चूक नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं की दारच नव्हे, अख्खी गाडी डाव्या अंगाला झुकली आहे. गाडीखालचे स्प्रिंगचे पाटे तपासले, ते धड होते. डावीकडं जॅक लावला की दार बसे, काढला की उतरे. जितकं एका माणसाच्या वजनानं उतरेल तितकंच.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याची बायको जैबुनबी चहा घेऊन आली. गाडीकडं बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच त्याला रागावली.

"गाडीत बाई केव्हाची बसून राह्यली. तिले चाय काहून नाई इचारली?"

वाहिदनं सीटकडं पाहिलं नाही. त्याची नजर खांबावर होती. वेल्डिंगच्या सांध्यातून, जिथून सुईही जाऊ नये तिथून, कापसाचा एक धागा बाहेर आला होता.

त्यानं तो बोटानं आत लोटायला हात उचलला, आणि स्वतःच्याच बोटाची त्याला शरम वाटली. पाच वर्षांत इतकी कधी वाटली नव्हती.

किसनराव आले. "बसलं का?"

"नाई, भाऊ." वाहिद म्हणाला. "बाईनं दार लावलतं. नीट लावलतं. मीच खांबात कापूस भरलता."

किसनराव एक पाऊल पुढं आले. मारतील तर बरं, असं वाहिदला झालं. त्यांनी मारलं नाही.

"रोज बोललो मी तिले," ते म्हणाले. "पाच वर्सं. फोटोसमोर उभा राहून. दार काहून नाई लावलं म्हून."

मग ते गाडीत चढले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. डावं दार उघडंच होतं.

त्यांनी रिकाम्या सीटकडं पाहिलं.

"बसली का?"

दार लागलं. हलकेच, एका बोटानं लावावं तसं.

वाहिदनं विडी फटीत धरली. ती वरपासून खालपर्यंत सरळ उतरली. ती पेटवायचं धैर्य त्याला झालं नाही.

गाडी अजून डावीकडं दोन बोटं झुकलेलीच होती. लग्न आठ दिवसांवर होतं. सुरभीनं कुठं बसायचं, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.